डुगलला पाहुणा म्हणायचं नाही

सफोटू, सवाई बेट
३ फेब्रुवारी

चि. तेउइला हिस आत्याचे अनेक आशीर्वाद, वि. वि.

तुझ्या विद्यापीठाचा इंजिनियर डुगल तिसऱ्यांदा येऊन गेला. पोरगा सोन्यासारखा आहे. दर खेपेला आम्ही उत्तम चटई अंथरली, डुकराचं पिल्लू भाजलं, नारळाच्या दुधात अळूची पानं शिजवून पालुसामी केली. पाद्रीबाबा मुद्दाम भेटायला आले. गावाचा मान राहिला.

तुम्ही पाठवलेलं पिठाचं यंत्र मात्र अजून ताडपत्रीखालीच आहे. नीरफणस वाळवून पीठ कसं करायचं ते तो शिकवणार होता, पण जेवण उरकेपर्यंत बोटीची वेळ होते. झाडांखाली फळांचा सडा पडलाय, डुकरंसुद्धा तोंड फिरवतात. पिठाचा धंदा उभा राहिला नाही तर माझी लांगी न्यूझीलंडला सफरचंदं तोडायला जाणार म्हणते. एकुलती एक पोर गं, घर खायला उठेल मला. तेव्हा डुगलला पुन्हा धाड.

माया आहेच, आटू देऊ नकोस.
तुझी मातालेना आत्या

आपिया
१० फेब्रुवारी

ती. आत्यास शि. सा. न. वि. वि.

पत्र वाचून हसावं की कपाळावर हात मारावा कळेना. विद्यापीठाच्या योजनेत प्रत्येक धंद्याला तीनच भेटी, आणि तिन्ही तुम्ही खाऊ घालण्यात घालवल्यात. आमचे साहेब म्हणाले, मार्चअखेर पीठ दिसलं नाही तर यंत्र दुसऱ्या बेटावर जाईल. डुगलला फैलावर घेतलं तर बिचारा लाल झाला. पाना हातात घेतला की कुणीतरी तो काढून ताट देतं म्हणे.

मग मी साहेबांशीच भांडले. म्हटलं, सगळ्यांना एकाच मापाचा सदरा कसा चालेल? कुणाला तीन भेटी पुरतात, कुणाला माणूस महिनाभर शेजारी लागतो. मदत ज्याच्या त्याच्या अंगाबेतानं शिवा. आधी तडकले, मग दुसऱ्या दिवशी आपणहून म्हणाले की करून बघू. आता भेटी मोजायच्या नाहीत. पहिलं पीठ निघेपर्यंत डुगल तुझ्याकडेच राहील. मार्चअखेरची मुदत मात्र हलली नाही. म्हणून हात जोडते, त्याला पाहुणा म्हणू नकोस.

रागावलीस तरी लोभ ठेव.
तुझी तेउइला

सफोटू
२६ फेब्रुवारी

चि. तेउइला हिस आशीर्वाद.

आलेल्या माणसाला चटई घालू नको म्हणतेस, माझ्या भावानं हेच वळण लावलं का तुला? दोन दिवस चडफडत होते. मग तोड सुचली. रविवारी चर्चबाहेर सगळ्यांसमोर सांगून टाकलं की डुगल आजपासून माझा मुलगा. मुलाला कोण चटई घालतं?

तो बोटीतून उतरला तशी फळं वेचायची टोपली हातात दिली. सवयीनं मी ताट वाढायला उठले, तर लांगीनं दंडाला धरून बसवलं. पहिला घाणा काळा पडला. त्याच्या मानाखातर आम्ही मऊ, पिकलेली फळं वेचून दिली होती, आणि पिठाला कडक फळं लागतात हे ठाऊक असून हा भिडेपोटी गप्प. मीच झापलं, घरचा आहेस तर तोंड उघड म्हटलं. उघडलं बाई एकदाचं. आता आम्ही कडक फळं आणतो आणि रोज त्याची बोलणी खातो. फार बरं चाललंय.

प्रकृतीला जप, अंतर देऊ नकोस.
आत्या

सफोटू
१९ मार्च

चि. तेउइला हिस आशीर्वाद.

तू तापानं पडलीस आणि मजेला मुकलीस. तुझे साहेब आले. पांढरंशुभ्र पीठ त्यांनी चिमटीत धरून पाहिलं, त्याचे गोड वडे खाल्ले आणि यंत्र इथेच राहील म्हणाले. लांगीनं जाण्याचं रद्द केलंय, दळण तीच सांभाळणार. मला रडू आवरेना.

साहेबांना चटई घातली, पिल्लू भाजलं. डुगल घरच्या पोरासारखा त्यांच्या मागे बसून माश्या वारत होता, ताटं नेत होता. सगळे उठल्यावर लांगीबरोबर चुलीपाशी बसून उरलंसुरलं जेवला. जेवता जेवता त्यानं मला हळूच विचारलं, की मला मुलगा म्हणालात ते यंत्र चालू होईपर्यंतच होतं का. मी सगळी भांडी त्याच्यापुढे नेऊन ठेवली. इतक्या आनंदानं भांडी घासणारा माणूस मी जन्मात पाहिला नाही.

बरी झालीस की ये, माझ्या दोन्ही पोरांवर जीव असू दे.
तुझी आत्या