आठ रविवारांची फाइल

मुरुड,
१२ जून २०२५

प्रिय प्राप्ती,

सुचिताताईचे भरपूर आशीर्वाद. बारावी सायन्सला चौसष्ट टक्के म्हणजे आपल्या दोन्ही घरांत आजवरचा पहिला नंबर, तेव्हा आता थोडा शिष्टपणा केलास तरी चालेल. आम्ही बरे आहोत. मासेमारी बंद आहे, होड्या वर ओढल्यात, त्यामुळे निकेतदादा दिवसभर घरीच असतो. जाळी दुरुस्त करायला बसतो आणि मधेच हात थांबवून बघत राहतो. बाय आता चार महिन्यांची झाली. पालथी पडते, मूठ तोंडात घालते. माझी आई म्हणते, हसणं थेट दिपालीवहिनीचं घेतलंय.

तुझ्या आईला, केसरमावशींना, नमस्कार सांग. पण हे पत्र आधी तू एकटीने वाच.

तुझा मेसेज येऊन तीन आठवडे झाले. ‘दिपाताईसारखं दुसऱ्या कुणाचं होऊ नये म्हणून मला गावातली नर्स व्हायचंय. एएनएम करू, जीएनएम करू की बीएस्सी?’ मी तो वाचला हे तुला दिसलं असणार आणि उत्तर आलं नाही हेही. चिडली असशील तर बरोबरच आहे. फोनवर मला बोलता आलं नसतं, म्हणून कागद घेतला.

आधी तुझ्या प्रश्नाचं उत्तर. एएनएम दोन वर्षांचं. गावच्या उपकेंद्रात बसणारी, लसी देणारी, गरोदर बायांची नोंद करणारी नर्स ती. सगळ्यात लवकर कामाला लागशील, पण वर चढायला वेळ लागतो. जीएनएम तीन वर्षांचं, मी करते ते. त्यानंतर आणखी दोन वर्षं शिकलं की पदवी मिळते. बीएस्सी सरळ चार वर्षांचं. त्याला प्रवेश परीक्षा आहे आणि तुझं बायोलॉजी चांगलं आहे. बीएस्सी किंवा जीएनएम झालं की सहा महिन्यांचं आणखी एक ट्रेनिंग असतं, ते केलं की अख्खं उपकेंद्र तुझ्या हातात येऊ शकतं. नियम दरवर्षी बदलतात, तेव्हा कुणाच्या सांगण्यावर जाऊ नकोस, माझ्याही नाही. स्वतः जाऊन विचार. मला वाटतं तू बीएस्सी कर. तुला घाई नाही आणि तुझ्यात चिकाटी आहे.

कुठलाही कोर्स घेतलास तरी गावात काम करायला लावतात. घरोघर फिरायचं, पाणी कुठून आणता, मुलं किती, दुखणं काय, सगळं विचारायचं. पहिल्यांदा माणसं दारातूनच वाटेला लावतात. मला मुरुडच्या एका म्हातारीने सुरमई विकायला आलेली समजून भाव विचारला होता.

पानभर झालं आणि मी अजून इकडचं तिकडचं लिहिते आहे. ताकाला जाऊन भांडं लपवायची माझी सवय तुला माहीत आहे. आता लिहिते.

तिसऱ्या वर्षाला आम्हाला एक फाइल करायची असते. एक गरोदर बाई निवडायची, दर आठवड्याला तिच्या घरी जायचं, वजन, बीपी, सूज, खाणंपिणं सगळं तपासून लिहायचं. मी वहिनीला निवडलं. डिसेंबरात सातव्या महिन्याची ओटी भरून ती पहिल्या बाळंतपणाला माहेरी, किहीमला आली आणि माझं नर्सिंग स्कूल अलिबागला. मैत्रिणी उन्हातान्हात गावं तुडवत होत्या, मला मात्र रविवारी एसटीने अर्ध्या तासात घरचं जेवण. मी स्वतःला फार हुशार समजत होते.

पहिले तीन रविवार मी खरोखर तपासलं. तिसऱ्या रविवारी मी वहिनीच्या दंडाला पट्टा बांधत होते आणि मावशी ओटीवर कोलंबी सोलत होत्या. त्या हसत म्हणाल्या, “काय गं, आमी पोरीला नीट ठेवतो का न्हाय, ते बगायला आयशीनं धाडलंय व्हय तुला?” थट्टाच होती. पण मी पडले नवऱ्याकडची. माहेरी आलेल्या सुनेची तपासणी करायला नणंद दर आठवड्याला पिशवी घेऊन येते, हे कसं दिसतं, ते माझ्या डोक्यात घुसलं. चौथ्या रविवारी बीपीचं मशीन मी पिशवीतून काढलंच नाही. जेवले, गप्पा मारल्या, निघाले. चोंढीला एसटीची वाट बघताना फाइल उघडली आणि आकडा लिहिला. मागच्या वेळेसारखाच, थोडा इकडेतिकडे करून. पाचव्या रविवारी तसंच. मग ती सवयच झाली. शेवटचे पाच रविवार खोटे आहेत, प्राप्ती.

हे थट्टेचं मावशींना कधीही सांगू नकोस. दोष त्यांचा नाही. साधी गोष्ट होती, मी म्हणायचं होतं, मावशी, माझा अभ्यास आहे, दोन मिनिटं थांबा. भिडेला पडले आणि तोंड उघडलं नाही.

आणि माझ्यामुळेच वहिनीचं उपकेंद्रात जाणंही बंद झालं. तिथल्या नर्सबाई बोलवायला आल्या तेव्हा मावशी कौतुकाने म्हणाल्या होत्या, “आमच्या घरचीच नर्स हाय की, दर ऐतवारी येते.” मी शेजारीच बसले होते. मला तेव्हा बरं वाटलं होतं.

शेवटचा रविवार दोन फेब्रुवारीचा. तू क्लासला गेली होतीस. वहिनीने हात पुढे केले. “सुचे, बांगड्या रुतायला लागल्यात गं. आन् डोकं जड हाय कालपासून.” मी म्हटलं, “मावशीच्या हातचं खाऊन फुगलीयेस.” ती हसली. डोकं दुखणं आणि हातावरची सूज म्हणजे काय, हे मी आदल्याच महिन्यात परीक्षेत लिहून आले होते. दहापैकी नऊ मार्क होते. त्या संध्याकाळी फाइलमध्ये लिहिलं, बीपी ११८/७६, सूज नाही, तक्रार नाही.

मंगळवारी पहाटे तिला झटके आले. पुढचं तू पाहिलंस. बाय वाचली, वहिनी गेली.

तुला माहीत नाही ते एवढंच. डॉक्टरांनी दादाला विचारलं, मागचं बीपी किती होतं? दादाने अभिमानाने सांगितलं, माझी बहीण नर्सिंगला आहे, परवाच तपासलंय, एकशेअठरा. डॉक्टर म्हणाले, दोन दिवसांत एवढं चढलं? तो आकडा खोटा आहे हे मी तेव्हाही सांगितलं नाही. तेवढ्यात मावशींनी माझा हात धरला. “मी तिला सुकट घातली गं रोज. मागायची म्हणून घातली. खारटानं झालं का गं ह्ये?”

आणि मी म्हटलं, “होऊ शकतं, मावशी.”

माझ्या तोंडून ते कसं आलं, मला अजून कळत नाही. कुणीतरी दुसरं कारण पुढे केलं आणि मी ते धरलं. आता चार महिने मावशी सुकट घरात येऊ देत नाहीत, हे तूच मला सांगितलंस. नातीला अजून एकदाही उचलून घेतलं नाही, दादा घेऊन आला तर आत जाऊन बसतात, हेही तूच सांगितलंस. म्हणालीस, आईला वाटतं तिच्या हाताने वाईट होतं. तुझा तो फोन ठेवल्यावर मी जेवू शकले नाही, आणि तरीही तुला काही बोलले नाही.

फाइलला चांगले मार्क मिळाले. मॅडमनी ती दुसऱ्या वर्षाच्या मुलींना दाखवली, घरभेट कशी लिहावी म्हणून. गेल्या आठवड्यात मी मॅडमना सगळं सांगितलं. त्यांनी फाइल उघडून ते आकडे पाहिले. मग म्हणाल्या, लिहून दे. दिलं. वर्ष जाईल किंवा नावच कमी होईल, मला माहीत नाही. दादाला आणि आईला काल सांगितलं. दादा उठून बंदरावर गेला, अजून माझ्याशी बोललेला नाही.

तू माझ्याशी बोलावंस असं मी म्हणणार नाही. फक्त एक काम कर. सोबत दुसरा कागद आहे, तो मावशींना वाचून दाखव. मोठ्याने, पूर्ण. त्या थांब म्हणाल्या तरी थांबू नकोस.

आणि बीएस्सीचा फॉर्म भर. मी हे लिहिलंय म्हणून तू मागे फिरलीस तर ते ओझंही मला पेलणार नाही.

सुचिता

•

केसरमावशींना साष्टांग नमस्कार.

मावशी, खारटाने असं होत नाही. आमच्या पुस्तकात आहे, आणि मी डॉक्टरांना परत जाऊन विचारून आले. सुकटीने दिपालीवहिनी गेली नाही. त्या दिवशी तुम्ही मला विचारलंत आणि मी खोटं बोलले.

तिचं बीपी वाढत होतं, आणि ते बघायचं काम माझं होतं. पाच रविवार मी बघितलं नाही आणि बघितलं असं लिहिलं. बघितलं असतं तर तिला वेळेवर दवाखान्यात नेलं असतं. वाचलीच असती असं मी म्हणू शकत नाही. पण ती संधी तिला मिळाली नाही, माझ्यामुळे. तुमच्या हातून काही चुकलेलं नाही. त्या हातचं ती आवडीने जेवली.

बायचं बारसं अजून झालेलं नाही. सगळे माझ्यासाठी थांबलेत, कारण बाळाच्या कानात नाव आत्याने सांगायचं असतं. तो मान मी घेणार नाही. बावीस तारखेला, रविवारी, आधी ठरल्याप्रमाणे दादा तिला घेऊन तुमच्याकडे येतोय. तुम्ही आत जाऊ नका. तिला मांडीवर घ्या आणि तुम्हाला आवडेल ते नाव तिच्या कानात सांगा. मी येणार नाही. तुम्ही काय नाव सांगितलंत ते मला घरी कळेल, त्याच नावाने मी तिला हाक मारीन.

मला क्षमा करा असं लिहिणार होते, पण तेवढं मागायचा मला हक्क नाही.

जिने तुमच्या दिपालीला तपासलं नाही, ती
सुचिता