आरपार देवळी

तेर, बुधवार, संध्याकाळ

शेजारच्या नागनाथनं माळवदाचं जुनं घर पाडायला परवानगी मागितलीय. आज आमची गावची वारसा समिती ते बघायला गेली. 'राखा' म्हणायचं, असं मी ठरवूनच गेलो होतो.

दोन्ही घरांची भिंत एकच. तिच्यात आरपार देवळी. एक दिवा ठेवला की दोन्ही चुलींपाशी उजेड. तिच्यातूनच नागनाथची आई कालवणाची वाटी सरकवायची आणि हाक मारायची. ती हाक...

नागनाथची बायको म्हणाली, "भावजी, माळवद लई गळतं. तुमी स्लॅबखाली निजता. आमी उशाला परात घिऊन निजतो."

उगाच देवळीत हात घातला. आत अजून काजळी आहे. हात कोपरापर्यंत गेला आणि सिमेंटला टेकला. आमच्याच बाजूचं सिमेंट. आमचं नवं घर बांधताना बुजवलेलं. उद्या सांगतो म्हणून उठलो.

घरी येऊन आमच्या भिंतीवर बोटं वाजवत देवळी शोधली. एका जागी पोकळ वाजलं. तेवढ्यात पलीकडून नागनाथची बायको ओरडली, "काय पायजे, भावजी?"

कालवण, असं अगदी ओठांवर आलं होतं.