नाव पुरेसं आहे

२ जून, सकाळ
राजीनामा दिला. पाच वर्षं प्रांतिक सभेत महिलांची नेमलेली प्रतिनिधी होते. काम काय, तर प्रार्थना, स्वागत आणि चहा. आता निवडून जाणार. पुढे गव्हर्नर. गिडियन म्हणाला, असलेली खुर्ची सोडून कसली गं हौस? नवऱ्यांना दूरदृष्टी नसते.
चुन्याबरोबर सुपारी चघळून दात लाल होतात, म्हणून आजपासून सुपारी बंद. नेत्याचे दात पांढरे हवेत.

४ जून
उमेदवारीसाठी फोटो काढला. हसले तर दात लालभडक, नाही हसले तर फरारी आरोपी. फोटो रद्द. सुपारी उद्यापासून नक्की.
प्रचार सांभाळणारी लोइस म्हणाली, अगं, निदान यादीतला नंबर तरी छाप पोस्टरवर. लिहिता न येणाऱ्यांना अधिकाऱ्यापुढे नाव नाहीतर नंबर बोलून दाखवावा लागतो.
मी काय बाजारातला सुरणाचा ढीग आहे, नंबर लावायला? पोस्टरवर फक्त ‘टबिता मायांग’. खाली ‘नाव पुरेसं आहे’. माझंच डोकं.

९ जून
सासरच्या गावात सभा. इथे लिहिता-वाचता येणारे मी आणि गिडियन दोघंच, पण गाव सगळं माझं. लग्न झाल्यापासून इथे कुणी माझं नाव तोंडातून काढलेलं नाही. सुनेचं नाव सासरच्यांनी घ्यायचं नसतं, घेतलं तर दंड म्हणून तिला डुक्कर द्यायचं. मला सगळे ‘ताम्बू’च म्हणतात, म्हणजे जिचं नाव घ्यायचं नाही अशी नातलग. केवढा आदर! माझ्याविरुद्ध उभ्या असलेल्या त्या ट्रकवाल्या एफ्राइमला तर शेंबडी पोरंही नावानं हाका मारतात.
धाकटा दीर सायलस म्हणाला, ताम्बू, तू खुशाल झोप काढ, मतांचं आम्ही बघतो. झोप येत नाही. अंगणात येरझाऱ्या.
विजयाच्या मेजवानीचं डुक्कर सासूबाई देतील. त्यांच्याकडे एकच आहे, पण सुनेसाठी एवढं करतीलच.

१४ जून
माहेरी प्रचाराला जायचं होतं. मध्ये नदी. रद्द. आपल्या माणसांना काय सांगायचं? लोइस म्हणाली, अगं बाई, तुझं नाव मोकळेपणी घेणारे तेवढेच आहेत! जळते बिचारी.
भाऊ फार चिडलाय म्हणे. मायेपोटीच.

२० जून, मतदान, दुपार
सुपारी पुन्हा. कारण आहे.
चर्चच्या व्हरांड्यात मतदान होतं. मी बाहेर आंब्याखाली, उमेदवारानं टेबलाजवळ थांबायचं नसतं. सायलस टेबलापुढे गेला. अधिकारी म्हणाला, कुणाला मत? सायलस म्हणाला, माझ्या वहिनीला. नाव? गिडियनची बायको हो! अधिकारी दुसऱ्या प्रांतातला. म्हणाला, यादीत अशी कुणी नाही, नाव सांग. सायलसनं भिंतीवरचे उमेदवारांचे फोटो पाहिले. माझी चौकट रिकामी. नंबर कुणालाच ठाऊक नव्हता. मागून लोक ओरडायला लागले, आटप की रे! शेवटी म्हणाला, लिही मग एफ्राइम.
त्याच्यामागून चुलतदीर. मग नणंदा. सगळ्या एफ्राइम.
मनानं मात्र सगळे माझ्याच बाजूला आहेत. मनं मोजत नाहीत, हा कायद्याचाच दोष.

२३ जून
निकाल. एफ्राइम. माहेरची पेटीसुद्धा त्याचीच. भावानं राग काढला.
सासरच्या पेटीत मला तीन मतं. एक माझं, एक गिडियनचं. तिसरं कुणाचं? विचार करत घरभर फिरत होते. नेमलेली खुर्ची एव्हाना दुसरीला दिली आहे. चहासुद्धा आता तिचाच.

संध्याकाळी
सासूबाई आल्या. मागे दोरीला त्यांचं डुक्कर. नजर खाली. म्हणाल्या, मी तुझं नाव घेतलं गं. मोठ्यानं घेतलं. त्याशिवाय तो मेला अधिकारी मत घेईचना. हा दंड घे आणि मनात काही ठेवू नकोस.
 डुक्कर दारात बांधलं. मग म्हटलं, कसं म्हणालात ते? एकदा म्हणा ना माझ्यासमोर.
नाही गं बाई, म्हणाल्या. दुसरं डुक्कर नाही माझ्याकडे.