पातळ चाकाची सायकल

मु. अड्याळ
ता. १४ सप्टेंबर १९८३, बुधवार

चिरंजीव घनश्यामले आजीचा आशीर्वाद. पोळा होऊन आठवडा झाला. धान उभं आहे, बोडी पाण्यानं काठोकाठ भरली आहे, माझे गुडघे आहेत तसेच आहेत. तू तिकडं चिखल्याच्या खाणीत उतरतो तेव्हा डोक्यावर टोपी घालत जा, मले शपथ आहे तुझी.

तर सगळ्यात आधी आला तो टेकचंद. आपला जवाई, दुसरा कोण. मारबतीच्या दिवशी, पोळ्याच्या दुसऱ्याच सकाळी, चुलीवर चहाचं आधणही ठेवलं नव्हतं. तोंडाले रात्रीच्या दारूचा वास. मागून त्याचा मोठा भाऊ इश्वर रेंगी हाकत आला. काल ज्या बैलांचे पाय धुतले, पुरणपोळी खाऊ घातली, त्यांनाच आज जुंपलं. अशा माणसाले काय म्हणावं? अन् रेंगीत मागं बसली होती आपली ईहीन केशरबाई, टेकचंदची माय, नवं लुगडं नेसून, जशी वरातीले आली. तुझी बहीण सत्यवती नवऱ्याचं घर सोडून आखाडात इकडं आली, तेव्हापासून दोन महिने कोणी ढुंकून पाहिलं नाही. आताच काहून आले, देव जाणे.

थांब, तू सायकलीचं विचारलं ते आधी सांगते, नाही तर राहून जाईल.

तू लिहिलं की खाणीतले सोबती तुले हसले. नवशिक्या बाईले असली सस्ती रेसर कोणी देते का, काळी जाड सायकल द्यायची होती. खरं सांगू? सोबती काही खोटं बोलले नाहीत. हँडल मेंढ्याच्या शिंगासारखं खाली वाकलेलं. त्यावर बसलं की रस्ता दिसत नाही, आपलेच गुडघे दिसतात. ब्रेक दाबला तर हो म्हणते अन् चालूच राहते, थेट तुझ्या आजोबासारखी. चेन दर दहा हातांवर पडते. टायर इतके पातळ की बाभळीचा काटा पाहूनच हवा सोडतात. मधात तो दांडा, लुगड्यात पाय टाकावा कुठून? तुझी बहीण पंधरा दिवसांत अकरा वेळा पडली. एकदा शेणखताच्या खड्ड्यात, एकदा शेजारच्या बेबीबाईच्या कोंबड्यांवर. बेबीबाई म्हणे, "सत्ये, कोंबडी खायची हाये तं सांग ना, सायकल कायले आनतं?" आम्ही हसून हसून बेजार.

पण पोरगी सोडत नव्हती. बालवाडीची नोकरी दोन कोसांवरच्या टोलीच्या वस्तीवर. आठ वाजता पोचली नाही तर जागा दुसरीले देतो असं बालवाडीवाल्यांनी सांगितलं होतं. अन् ही नोकरी गेली तर ती टेकचंदच्या घरी परत, हे ती जाणत होती अन् मीही जाणत होती.

पण एक गोष्ट आहे. तुझी सायकल हलकी आहे. नाला आला की पोरगी ती डोक्यावर घ्यायची अन् चालू लागायची, जशी रोवण्याच्या धानाची पेंढी. ते लक्षात ठेव.

तर त्या दिवशी सारं गाव वेशीवर मारबत अन् तिच्यासंगं सारी रोगराई हाकलायले गेलं होतं. बाया झाडू, सुपं घेऊन ओरडत होत्या. रस्त्यात हसणारं कोणी नाही म्हणून सत्यवती बोडीच्या पारीवर, त्या दगडी बांधावर, सायकल शिकायले गेली होती. टेकचंदनं पाणी प्यायलं, मले नमस्कार केला, विचारलं, "कुठी हाये?" मी सांगितलं. होय, मीच सांगितलं. वाटलं, जवाई आहे, नमस्कार केला आहे, बोलेल दोन शब्द.

मी त्याच्या मागून गेली, माझ्या मागं इश्वरची रेंगी. हातात तुझा तो हवा भरायचा पंप होता, कारण पोरीनं नेला नव्हता अन् टायर पारीवर बसणार हे मले ठाऊक होतं.

घनश्याम, तो एक शब्द बोलला नाही. चालत्या सायकलीवरून केसाले धरून खाली ओढली. पारीवरचे दगड तुले माहीत आहेत. तोंडावर आपटली. मग लाथा. पोटात, पाठीत, पुन्हा पोटात, जसा कोणी भारा बांधायच्या आधी दाबतो. तिचा पुढचा दात मी दगडावर पाहिला, पांढरा. मी म्हणत होती, "जवाईबुवा, हळू, जवाईबुवा, हळू." हळू म्हणत होती मी! माझ्या तोंडाले लाज नाही का?

केशरबाई रेंगीतूनच ओरडली, "तोंडावर नोको मारू रे, लोक पाह्यतेत!"

पोरगी कशीतरी सुटली. सायकल उचलली, टांग टाकली, दोन पायडल मारले अन् चेन पडली. इश्वर पोट धरून हसला. "चढव ना चेन, मास्तरीनबाई! बालवाडी उघडली ना तुही!"

तेव्हा ती खाली उतरली. शांत. मले वाटलं, आता चुपचाप रेंगीत जाऊन बसते. तिनं सायकल दोन्ही हातांनी डोक्यावर घेतली अन् फेकली नाही, आपटली. मुसळ घालतात तशी. पहिला घाव टेकचंदच्या खांद्यावर. हाड मोडल्याचा आवाज मी ऐकला, वाळलं लाकूड चुलीत मोडते तसा. दुसरा इश्वरच्या डोक्यावर. पायडलनं कान अर्धा फाटला, रक्त थेट खालच्या धानाच्या बांधीत, पाण्यात. काळी जाड सायकल असती तर तिच्यानं जमिनीवरून हलली नसती, बापू. म्हणून सांगून राहिली, तू बरोबर घेतली.

पण टेकचंद उठला. एका हातानं रेंगीतली तुतारी ओढली, बैल टोचायची काठी, खिळा लावलेली. ती तिच्या तळहातातून आरपार गेली. पोरगी पडली. तो तिच्या छातीवर बसला, खिशातून एक कार्ड काढलं अन् तिच्या रक्ताळलेल्या तोंडात कोंबू लागला. "हे वाच! वाच, शिकेल बाई! तुह्याच आजीनं बलावलं मले!"

आता लिहितेच. ते कार्ड माझं होतं. पोळ्याच्या आधी लिहिलं, याच पेन्सिलीनं, माझ्या दुसरीपर्यंतच्या अक्षरात. "जवाईबुवा पोळा झाला की जेवणाले या अन् आपली बाई घेऊन जा." गावातल्या बाया बोलत होत्या, माहेरात पाळलेली लेक म्हणत होत्या. आखाडात ती आली तेव्हा तिच्या दंडावर चटक्याचा डाग मी स्वतः पाहिला. तेल लावलं अन् म्हटलं, होते असं संसारात. वर देव जाणे म्हणून तुले लिहिलं. देवाले काय माहीत, कार्ड तर मी टाकलं.

माझंच अक्षर तिच्या तोंडात जाताना पाहिलं अन् मले पुढचं नीट आठवत नाही. बेबीबाईनं वेशीकडून येताना दुरून पाहिलं, ती सांगते की मी तीनदा मारलं. पंप लोखंडाचा आहे, चांगला आहे, तो सस्ता नाही. पहिला मनगटावर, दुसरा तोंडावर, तिसरा कुठं लागला ते लिहायचं नाही, तू नातू आहेस. पासष्ट वर्षांची बुढी मी, आयुष्यात कोंबडीही दुसऱ्याकडून कापून घेतली. अन् सांगू का, मले इतकं बरं वाटलं घनश्याम, इतकं बरं वाटलं की मी हसत होती.

तेवढ्यात वेशीवरच्या बाया परत आल्या, बेबीबाई पुढं. त्यांनी पाहिलं अन् झाडू खाली ठेवलेच नाहीत. "खोकला-खासी, ढेकून-मोंगसे घेऊन जा गे मारबत!" म्हणत तिघांनाही सुपाझाडूनं बदडत रेंगीत घातलं. केशरबाईचं नवं लुगडं चिखलानं माखलं. मारबत हाकलायच्या सकाळी कोणी सोयरीकीचं भांडण घेऊन गावात येते का? त्यांनाच अक्कल नाही.

पोलीस पाटील म्हणाला, घरचं भांडण आहे, घरात मिटवा. मी म्हटलं, घरात नाही झालं, पारीवर झालं.

रात्री पोरीच्या हाताले हळद बांधताना मी सगळं सांगितलं. ती म्हणाली, "मले मालूम हाये आजी. तोंडात होतं ना, वाचलं."  सकाळी मले विचारलं, "आता कोनाच्या बाजूनं हायेस तू?" मी उठली. पंप धुऊन दाराशी ठेवला.

सायकलीच्या समोरच्या चाकाचा पापड झाला होता. कवडू मिस्त्रीनं ठोकून गोल केलं, पूर्ण गोल नाही, चालताना कुईकुई करते. सोमवारपासून ती बालवाडीले जाते, सुजलेलं तोंड अन् एक हात बांधलेला. एका हातानं! पडत नाही आता. टोलीवरची लेकरं तिच्या पडलेल्या दाताले पाहून हसतात, ती पण हसते. तू ब्रेक तेवढा चांगला पाठव. दुसरी सायकल नको.

इश्वर जाताना कान दाबून बोलून गेला की दहा माणसं घेऊन येतो अन् पोरीले केसांनी बांधून नेतो, बुढीले बोडीत टाकतो. बेबीबाई अन् अजून चौदा बाया आमच्या ओसरीवर बसणार आहेत. तुले जमलं तर ये, खाणीतले पोरं आणू नको, बायाच पुरे आहेत. मी दारात बसणार. आत जायचं तर माझ्या अंगावरून जावं लागेल, अन् अंग माझं जाड आहे.

या वेळी त्यांना कोणी बोलावलं नाही. ते येत्या आइतवारी, अठरा तारखेले, येतो म्हणून गेले आहेत.

सत्यवतीच्या बाजूची,
तुझी आजी
रत्नाबाई