चिखल्याची ताकद तीन

३ तारीख, सोमवार
माझा राक्षसांचा पत्त्यांचा खेळ तयार. बारा राक्षस, दोन वर्षांची मेहनत. आजपासून टेस्टिंग. टेस्टर सासूबाई (मी त्यांना आई म्हणतो). पाय प्लास्टरमध्ये आहे, त्यामुळे उठून जाऊ शकत नाहीत. ज्वालासुर (ताकद ९०) समोर असताना त्यांनी चिखल्या (ताकद ३) उचलला. का, तर बिचाऱ्याला कोणी घेत नाही. सात वेळा हरल्या.

५ तारीख
आई म्हणाल्या, हरला की चिखल्याला नुसतं बाजूला काय ठेवता? चिखल तो, जिंकणाऱ्याच्या पायाला चिकटणार नाही का? दोन डाव त्याला जागचं हलता येऊ नये. गेम डिझाइन हे शास्त्र आहे, हे मी समजावलं. शेवटी त्यांचं मन राखायला नियम घेतला. तात्पुरता.

६ तारीख
ज्वालासुर दोन डाव खिळून उभा. तेवढ्यात आईंनी माझे तीन राक्षस उचलून नेले. हरताना एवढं हसणारं माणूस मी पाहिलं नव्हतं. चिखल्या कोणी घ्यायचा यावरून मायलेकींत भांडण, बायकोला ऑफिसला उशीर. ज्वालासुराकडे कोणी ढुंकून बघत नाही. त्याच्या ज्वाळा रंगवायला मला तीन आठवडे लागले होते.

९ तारीख
खेळ छापणाऱ्या कंपनीचा फॉर्म भरला. ‘सर्व नियम स्वतःचे आहेत का?’ हो. चिखल्या माझाच आहे, आईंनी फक्त चिकटवला. मन एकदम शांत. जेवण गेलं नाही, पण ते उकाड्यामुळे.

१० तारीख
आईंना सांगून टाकायचं ठरवलं. झोपल्या होत्या.

११ तारीख
जाग्या होत्या. पण औषधाची वेळ झाली होती.

१४ तारीख, दुपारी
त्यांच्यासाठी नवी उशी आणली. बघून म्हणाल्या, काय केलंत? काही नाही म्हणालो. फार अपराधी वाटतंय. निदान इथे तरी खोटं कशाला लिहू?

२० तारीख
कंपनीचं पत्र. अकरा राक्षस नकोत. चिखल्याचा नियम झकास. खेळ आणि हा नियम एकाच माणसाचा आहे यावर त्यांचा विश्वास बसत नाही. मी हे कौतुक समजतो. आईंना उद्या नक्की सांगणार.

२२ तारीख
प्लास्टर निघालं. आईंनी आज पहिल्यांदाच ज्वालासुर घेतला आणि चिखल्या माझ्याकडे सरकवला. हरलो. नियमाप्रमाणे चिकटलो. त्या म्हणाल्या, आता दोन डाव मला हलता येत नाही, बोला काय बोलायचंय ते.

सगळं सांगितलं. म्हणाल्या, माहीत आहे. गुण मांडायला तुम्ही मला त्या फॉर्मचीच कच्ची प्रत दिलीत. तेरा दिवस मागची बाजू वाचतेय.

पहिला डाव त्यातच गेला. दुसऱ्या डावात मी कंपनीला पत्र लिहिलं, की या नियमासाठी सासूबाईंची थोडीशी मदत झाली. त्यांनी चष्मा लावला, पेन मागितलं आणि ‘थोडीशी’ खोडलं. मग ‘मदत’ही.