गिटार फोडण्याचा कार्यक्रम

२ फेब्रुवारी, सकाळ
मलमवाल्यांचा फोन. आमच्या बँडला चाळीस वर्षं झाली म्हणून त्यांना मोठा कार्यक्रम करायचाय. सांधेदुखीचं मलम आहे. साफ नाही म्हटलं. ज्याच्या गाण्यांवर रेडिओने बंदी घातली, ज्याच्या कार्यक्रमात खुर्च्या मोडल्या आणि पोलीस आले, तो माणूस मलमाच्या पोस्टरखाली गाणार नाही. फोनवरच्या मॅडम म्हणाल्या, सर, विचार करा. विचार करायला काय जातं.

दुपार
विचार केला. होकार कळवला. पण यामागे योजना आहे. स्टेजवर त्यांची आठ फुटी प्लॅस्टिकची ट्यूब उभी असणार. शेवटच्या गाण्याला मी माझी जुनी काळी गिटार त्या ट्यूबवर फोडणार, पूर्वी स्टेजवर फोडायचो तशी. प्रायोजकाच्या पैशाने प्रायोजकाचीच पूजा बांधायची. याला आत शिरून पोखरणं म्हणतात. हिला सांगितलं. ही म्हणाली, पोखरून झालं की येताना दूध आण. बायकोला राजकारण कळत नाही.

३ फेब्रुवारी
खिळ्याला पास पाठवला. पहिली रांग. खिळा आमचा ड्रमर, आणि निम्म्या गाण्यांचे शब्द त्याचे. अंगाने काटकुळा, बोलायला टोकदार, म्हणून खिळा. मी साबणाची जाहिरात केली तेव्हा भर रिहर्सलमध्ये काठ्या खाली ठेवल्या, सगळ्यांसमोर मला विकाऊ म्हणाला, आणखी बरंच म्हणाला, आणि गेला तो गेलाच. वास्तविक ती जाहिरात नव्हती. हात धुण्याबद्दलचा सामाजिक संदेश होता. साबण फक्त हातात होता.

पुढे मी टीव्हीवर लहान मुलांच्या गाण्याच्या स्पर्धेचा परीक्षक झालो, दुकानांची उद्घाटनं केली. तेही पोखरणंच. खिळा दोन खोल्यांत ड्रम शिकवतो आणि शेजाऱ्यांच्या शिव्या खातो. इतक्या वर्षांत बोलणं नाही. लोक उठता-बसता मला ग्रेट म्हणतात, त्याचं काही वाटत नाही. मला या एकाच माणसाकडून ऐकायचंय की मी विकला गेलो नाही. ते ऐकल्याशिवाय मरायचं नाही असं मी ठरवलंय.

८ फेब्रुवारी
गादीवर सराव. उजवा हात कानापर्यंत जातो, पुढे जात नाही. ही गिटार पूर्वी एवढी जड नव्हती. लेक फिजिओथेरपिस्ट आहे. तिने हात फिरवून पाहिला, खांदा आखडलाय म्हणाली. भिंतीवर बोटं मुंगीसारखी चालवत वर न्यायची, सकाळ-संध्याकाळ. बंडखोर भिंतीवर घोषणा लिहितो, मुंग्या चालवत नाही. पण लेकीचं मन मोडवत नाही. उद्यापासून.

९ फेब्रुवारी
मुंग्या: नाही. पाहुणे होते.

१० फेब्रुवारी
मुंग्या: नाही. मूड नव्हता. कलावंताला मूड लागतो.

१५ फेब्रुवारी
मलमवाल्यांच्या ऑफिसात मीटिंग. काचेची खोली, एसी इतका की खांदा ठणकला. मॅडम चांगल्या आहेत, लहानपणी आईबरोबर आमची गाणी ऐकायच्या म्हणे. आईबरोबर. ज्या गाण्यांमुळे पोरं आईबापांशी भांडून घर सोडायची ती गाणी. मी हसलो. काय करणार.

मग त्यांनी कार्यक्रमाची यादी वाचली. शेवटी लिहिलेलं: गिटार फोडणे. त्यांना आधीच हवं होतं. लोकांना जुनी आठवण म्हणून आवडतं. त्यासाठी वेगळी गिटार आणलीय. सुतार तिच्या मानेला मागून अर्धी करवत मारून ठेवणार, म्हणजे सरांना त्रास नको. मला गॉगल. पहिल्या दोन रांगा मोकळ्या ठेवणार, कुणाच्या डोळ्यात काही उडायला नको. म्हणजे खिळा तिसऱ्या रांगेत.

सगळ्याला हो म्हटलं. गनिमी कावा. ऐनवेळी करवतवाली बाजूला आणि काळी हातात. कुणाला पत्ता लागू द्यायचा नाही. हिला सांगितलं. लेकीलाही.

२० फेब्रुवारी
खिळ्याचा फोन. एकच शब्द बोलला: येतो. ठेवला. मी फोन हातात धरून उभाच राहिलो. फार आनंद झाला. डोळ्यांत पाणी आलं, ते हिला दिसू नये म्हणून मुंग्या चालवायला भिंतीकडे वळलो. कपाळापर्यंत गेल्या. शिवीगाळ केलीच तर काय उत्तर द्यायचं तेही तयार करून ठेवलं. केली तरी चालेल. आधी शिवी आणि मग मिठी, हीच त्याची रीत.

२६ फेब्रुवारी
रिहर्सल. बासवाल्याच्या कानात मशीन. कीबोर्डवाला बँकेतून रिटायर झालाय, मधेच ब्लड प्रेशरची गोळी घेतो. दोघांनी बसायला खुर्च्या मागितल्या. मी झापलं. एकेकाळी आपण खुर्च्या मोडायचो, आता मागताय? दुसऱ्या गाण्यानंतर मीही एक घेतली. मोडायला किती मजबूत आहे ते बसल्याशिवाय कळत नाही.

१ मार्च, दुपार
आज. लेक म्हणाली, बाबा, हात खांद्याच्या वर नेऊ नका, मी विंगेत आहे. तिला म्हटलं, बाप काय आहे ते आज बघ. तिने एक गोळी दिली. घेतली. घाबरलोय म्हणून नव्हे.

२ मार्च
काल झालं ते असं.

शेवटचं गाणं. हॉल भरलेला. करवतवाली बाजूला सारली, काळी उचलली. मागे ट्यूबमध्ये दिवे लागले. तिसऱ्या रांगेत खिळा दिसत होता, केस पांढरेफटक झालेत. त्याच्याकडे बघून मी गिटार वर नेली. कानाच्या वर गेली. डोक्याच्या वर गेली. आणि खांद्यात काहीतरी कट्कन झालं आणि हात तिथेच राहिला. वर जाईना, खाली येईना.

लोकांना वाटलं स्टाइल आहे. टाळ्या. मग टाळ्याही थांबल्या. लेक विंगेतून धावत आली, गिटार सोडवून घेतली, हात हळूहळू खाली आणला. मॅडम हुशार बाई. तिने माइक घेतला, लेकीच्या हातात मलम दिलं. लेक माझ्याकडे बघत होती, मी मान हलवली. तिने सगळ्यांसमोर माझ्या शर्टाच्या आत हात घालून मलम चोळलं. हॉल उभा राहिला. असा माझ्यासाठी कधीच उभा राहिला नव्हता. मग मॅडमनी करवतवाली माझ्या हातात दिली, वरून स्वतःचा हात धरला, आणि फीत कापतात तशी आम्ही दोघांनी मिळून ती स्टुलावर टेकवली. मोडली.

खिळा ग्रीन रूममध्ये आला. सेल्फीवाले जाईपर्यंत दाराशी थांबला. माझं उत्तर तयार होतं. त्याने माझ्या चांगल्या खांद्यावर हात ठेवला आणि म्हणाला, कार्यक्रम छान झाला. मग म्हणाला, आता विश्रांती घे. बाहेर पडायचा रस्ता कुठला ते विचारलं आणि गेला.

शिवी दिली नाही. मी वाट बघत होतो. पोराच्या शाळेच्या गॅदरिंगहून निघताना हेडमास्तरांना म्हणतात तसं म्हणाला, छान झाला. त्याने मला विकाऊ म्हटलं होतं तेव्हा माझ्याकडे विकण्यासारखं काहीतरी आहे असं तो धरून चालला होता.

थकला असेल. वयही झालंय त्याचं.

५ मार्च
मलमवाल्यांना हाच कार्यक्रम आणखी शहरांत करायचाय. नव्या यादीत गिटार फोडणेच्या आधी एक ओळ घातलीय: सरांचा खांदा अडकणे. फक्त यापुढे डावा अडकला तर बरं, मॅडम म्हणाल्या. कॅमेरा त्या बाजूला आहे.

सकाळी आरशासमोर करून पाहिलं. डावा सरळ वर जातो. लेक म्हणाली, त्याला काहीही झालेलं नाही.

सराव करावा लागेल.