दक्षिणेकडचे पान

प्रिय कौसल्याआत्या,

एवढेच लिहून बराच वेळ थांबले. हयात वडीलधाऱ्यांना 'तीर्थरूप' लिहावे, हे मी आयुष्यभर विद्यार्थिनींना शिकवले. गेलेल्या माणसाला काय लिहावे, हे मला कुणी शिकवले नाही. त्यातून तुला वाचता येत नव्हते. तुला आलेली पत्रे मीच मोठ्याने वाचायची, आणि तू सांगितलेली उत्तरे लिहिताना तुझी भाषा न विचारता सुधारायची. तरीही लिहिते आहे, कारण परवा सर्वपित्री अमावस्या आहे आणि त्याआधी मला एक उत्तर दुरुस्त करायचे आहे. प्रश्न तू विचारला होतास, आठ वर्षांपूर्वी, भंडाऱ्याच्या कचेरीच्या व्हरांड्यात.

आठवते ना? आणीबाणी उठली त्या उन्हाळ्यात मी आपल्या घराण्याची वंशावळ तयार करायला घेतली. नागपूरच्या महाविद्यालयात इतिहास शिकवणाऱ्या बाईच्या स्वतःच्या घराण्याचा कागद नसावा, हे मला लाजिरवाणे वाटत होते. सिहोऱ्याहून भंडाऱ्याला निघाले, तेव्हा तू न बोलावता एसटीत माझ्याशेजारी येऊन बसलीस. मांडीवर गठोडे, त्यात तीन दिवसांची शिदोरी. मी चिडले होते. "तिथे तुझे काय काम?" असे मी सगळ्या प्रवाशांदेखत विचारले. तू म्हणालीस, "तू कागद पाह्यजो. मी तुले पाहीन."

तीन दिवस मी आत जुन्या कागदांचे बस्ते सोडत होते आणि तू बाहेर खांबाला टेकून बसली होतीस. संध्याकाळी मी बाहेर आले की तुझा पहिला प्रश्न ठरलेला.

"सापडली का व सीतकुरा?"

सीतकुरा म्हणजे तुझ्या आजोबांची, माझ्या पणजोबांची, भिवाची आई. मी सांगितले, "आत्या, या कागदांत बायकांची नावे नसतात."

"नसतात? मंग पोरं काय झाडाले लागले होते?"

दप्तराचे बाबू खो खो हसले. मी हसले नाही. तुझ्या विनोदाला दाद देणे मला तेव्हा शिस्तभंग वाटत असे.

तिसऱ्या दिवशी जुन्या जमीन-बंदोबस्ताच्या नोंदींची मिसल हाती आली. मोडी अक्षरातली नोंद मी एका दमात वाचली: भिवा वल्द सखाराम, मौजे सिहोरा. मला कोण आनंद झाला! भिवाच्या बापाचे नाव सरकारी कागदावर, स्पष्ट, निःसंदिग्ध. बाहेर येऊन तुला सांगितले. तुझा चेहरा मात्र उजळला नाही.

"अन् कोंढा गावाचं काही लिवलं हाये का तेथं?"

"नाही."

"नीट पाह्यलं का, पोरी?"

हे तू मला विचारलेस! मला, जी एका चुकलेल्या तळटीपेसाठी विद्यार्थिनीचा प्रबंध परत करत असे. मी फणकाऱ्याने म्हटले, "मोडी मला वाचता येते, तुला नाही." तू "बरं" म्हणालीस आणि गठोडे बांधायला घेतलेस. गाठ दोनदा सुटली तुझ्या हातून. ते मी पाहिले होते, आत्या. पाहून पुढे चालू लागले होते.

आपल्याकडे पितरांच्या दिवशी एक पान जास्त मांडले जाई. बाकीची पाने एका ओळीत, आणि हे एक पळसाचे पान वेगळे, अंगणाच्या टोकाला, दक्षिणेकडे. वडे, कढी, कोहळ्याची भाजी, खीर, सगळे त्यावर तू स्वतः वाढायचीस. लहानपणी मी विचारले होते, हे कुणाचे? "कोंढ्याच्या बाबाचं," तू म्हणालीस, "आज्यानं मांडलं, म्हनून मी मांडतो." पुढे पुस्तके वाचून मी माझा निष्कर्ष काढला: दक्षिण ही पितरांची दिशा, म्हणून पान दक्षिणेला, कोंढ्याचा बाबा हा कुणीतरी ऐकीव साधू असणार. माझ्या निष्कर्षात खोट कुठे होती? कुठेच नव्हती. फक्त तो खरा नव्हता.

त्या वर्षी वंशावळ छापून आली. जाड कागद, सुबक अक्षर, सखारामापासून सात शाखा. अमावस्येला सारे भाऊबंद जमले असताना मी ती वाटली आणि तू दक्षिणेकडच्या पानावर वाढायला लागलीस, तेव्हा सर्वांसमोर म्हणाले, "ज्याची नोंद नाही, त्याचे पान नाही."

काकू म्हणाली, "जाऊ दे ना व विमल, एका पानानं काय होते?" मी म्हणाले, प्रश्न पानाचा नाही, सत्याचा आहे. तू वाकून पान उचललेस, त्यावर वाढलेला एकुलता वडा गायीपुढे ठेवलास आणि आत गेलीस. तू भांडली का नाहीस, आत्या? एरवी भाजीवालीशी कोथिंबिरीच्या चार काड्यांसाठी भांडणारी तू!

त्यानंतरच्या प्रत्येक पितरांच्या दिवशी तू मागच्या ओसरीत एकटी जेवायला बसायचीस, दक्षिणेकडे तोंड करून. मी दरवर्षी टोकायची, "जिवंत माणूस दक्षिणेकडे तोंड करून जेवत नाही, इतकेही तुला समजत नाही?" तू घास मोडत म्हणायचीस, "मले काय, कोनीकडूनबी पोटातच जाते." मी ते तुझे अज्ञान समजले. पानातला पहिला घास तू बाजूला काढून ठेवत होतीस, तो कुणासाठी, हे विचारण्याची मला गरज वाटली नाही.

यंदा वैशाखात तू गेलीस. तुझ्या तेरवीला एक म्हातारे गृहस्थ आले. धोतर गुडघ्यापर्यंत, खांद्यावर तांदळाची छोटी पिशवी. सोमाजी, राहणार कोंढा. पवनीच्या बाजूचे कोंढा, म्हणजे सोयऱ्यांकडून तू गेल्याचे ऐकून अख्खा जिल्हा ओलांडून आलेले. मी विचारले, तुमचे आमचे नाते काय? ते म्हणाले, "बाई, तुमचा भिवा आमच्या घरचा. आमच्या डोमाबाबाचा पोरगा तो." मी त्यांना पुरावा विचारला. हो, आत्या, तेरवीच्या पंगतीत! ते शांतपणे म्हणाले, "पितराले या. सप्तमीले. पाहून घ्या."

मी गेले ती खात्री करून घ्यायला. खरे सांगायचे तर त्यांना खोटे पाडायला. गेल्या आठवड्यात, सप्तमीला. तिथल्या अंगणात पाने मांडलेली होती आणि एक पान वेगळे, टोकाला, उत्तरेकडे होते. माझ्यातली मास्तरीण तिथेही गप्प बसली नाही. मी म्हणाले, "पितरांचे पान उत्तरेला? हे शास्त्राला धरून नाही."

सोमाजींनी माझ्याकडे जरा दयेनेच पाहिले. "शास्तर मले काय समजते, बाई? डोमाबाबा तरनाच मेला. सीतकुरेनं सिहोऱ्याच्या सखारामासंग पाट लावला, पोरगं कडेवर घेऊन गेली. पोरगं तिकडचं झालं, पन होतं त आमचंच. म्हनून डोमाच्या मायनं त्या पोराचं पान मांडलं. सिहोरा उत्तरेलेच नाही का?"

मी आपले अंगण आठवून पाहिले.

आपल्या अंगणातले पान कोंढ्याकडे तोंड करून होते आणि त्यांच्या अंगणातले सिहोऱ्याकडे. बापाचे पान मुलाने मांडले, नातवाचे पान आजीने. ना कधी पत्र, ना निरोप; इतक्या पिढ्या दोन्ही घरे एकमेकांकडे पाहत जेवण वाढत राहिली. त्यांतले एक पान मी उचलायला लावले.

दुसऱ्याच दिवशी भंडाऱ्याला गेले. तोच बस्ता मागितला, तेच पान उघडले. भिवा वल्द सखाराम. त्याच ओळीत पुढे, अगदी शेवटी, कैफियतीचा रकाना. बंदोबस्ताचा कारकून जे कुठेच बसत नाही ते या रकान्यात टिपत असे. त्या पानावर वरपासून खालपर्यंत बांध, नाला, आंब्याची झाडे, असेच शेरे होते, म्हणून मी तेव्हा नक्कल करणाऱ्या बाबूंना सांगितले होते, "हा रकाना नको, वंशावळीला त्याचा उपयोग नाही." आता वाचला. बारीक, दाटीवाटीचे अक्षर: "सदर इसम मौजे कोंढा येथील डोमाचा मुलगा. आई सीतकुरा हिने सखारामाशी पाट लावल्यावर सोबत आला. सखारामाने मुलगा म्हणून वाढविला."

सीतकुरा तिथेच होती, आत्या. नावानिशी. तू बाहेर खांबाला टेकून बसली होतीस आणि ती आत, माझ्या बोटापासून चार अंगुळे दूर.

आणि मग मला तुझा प्रश्न समजला. एकोणिसाव्या वर्षी तू पांढऱ्या कपाळाने माहेरी परत आलीस. तुमसरच्या एका बिजवराने पाटासाठी तुला मागणी घातली होती, हे आईने मला एकदा हळूच सांगितले होते. बाबा तुझे थोरले भाऊ, गावातले पहिले मॅट्रिक झालेले. "आपल्या घराण्यात विधवेचा पाट लागत नाही," असे म्हणून त्यांनी पाहुण्यांना परत पाठवले. भिवा ज्या आईच्या कडेवर बसून या घरात आला, तिचा पाटच लागला होता, हे त्यांना माहीत नव्हते का? की माहीत होते म्हणूनच? आता कुणाला विचारू? तुला मात्र माहीत होते. खुद्द भिवाच्या तोंडून ऐकलेले. पण तुझ्या ऐकण्याला किंमत नव्हती. तुला ते कागदावर हवे होते. साठी उलटल्यावर तीन दिवस तू त्या व्हरांड्यात बसलीस ती एवढ्यासाठी, की कुणीतरी बाहेर येऊन सांगावे, तुझ्या भावाचे म्हणणे खोटे होते. आणि शिकलेली भाची बाहेर येऊन म्हणाली, "नाही."

नीट पाह्यलं का, पोरी? नाही, आत्या. नीट पाहिले नव्हते.

क्षमा मागावी तर तू "बरं" म्हणून मोकळी होशील, ते मला सोसणार नाही. तुलाही थोडा दोष देते, देऊ दे. त्या संध्याकाळी दोनदा विचारलेस, तिसऱ्यांदा का नाही विचारलेस? माझ्या रागाला एवढी का भ्यालीस? मी लहान असताना माझ्या पाठीत धपाटे घालणारा हात तुझाच ना?

जुन्या वंशावळीच्या उरलेल्या प्रती मी काल फाडल्या. नवी काढीन, आणि तिला प्रत्येक नावापुढे कैफियतीचा रकाना असेल. पहिली प्रत कोंढ्याला सोमाजींच्या हातात देईन. सीतकुरेचे नाव सर्वांत वर असेल, कारण दोन्ही घरे तिच्यापाशीच जोडली जातात. तुझ्या नावापुढे लिहीन: "हिला ठाऊक होते. हिने विचारले होते."

परवा डोमाचे पान पुन्हा मांडले जाईल, मी स्वतः मांडीन, आणि सगळ्यांसमोर का ते सांगेन. तुझे मात्र यंदा मांडता येत नाही. वर्ष झाल्याशिवाय पितरांत जागा नाही, हा नियम तुलाही ठाऊक आहे. तोवर तुझी जागा रिकामी राहू देणार नाही. मागच्या ओसरीत मी जेवायला बसेन, दक्षिणेकडे तोंड करून. कुणी टोकले तर काय उत्तर द्यायचे, ते तू मला शिकवून ठेवले आहेस.

तुझी,
विमल
सिहोरा